ओळंब्यातली पेटी

"बाई, चाळीस हजार करू का?"

नानिवडेकर बाईंनी मीटरकडे पाहिलं.

"तीस हजार व्होल्ट झालेत. तरी पडद्यावर काही नाही. चाळीस केले की येईल. यायलाच पाहिजे."

"का यायलाच पाहिजे?"

"जोर कमी पडतोय, बाई. दुसरं काय असणार!"

हा गोरख ढाकणे. वीज उपकेंद्रात अकरा वर्षं काढलेला माणूस. सव्वा लाख व्होल्टच्या तारांखाली बसून डबा खायचो, असं स्वतःच सांगायचा, आणि दिवसातून दोनदा सांगायचा. पुढे नोकरी सोडून आमच्या कॉलेजात संशोधनाला आला. जोरदार विद्युत क्षेत्रातून जाताना प्रकाशाचं काय होतं, हा त्याचा विषय. बाई त्याच्या मार्गदर्शक. मी त्याच अंधारखोलीत शेजारच्या टेबलावर बसणारा अधिव्याख्याता, त्या तारा आणि तो डबा ऐकून माझे कान किटले होते.

मांडणी साधी होती. एका टोकाला लाल लेसर, दुसऱ्या टोकाला पांढरा पडदा. मध्ये पोलरॉइडच्या दोन चकत्या. पहिली फक्त उभा थरथरणारा प्रकाश सोडते, दुसरी फक्त आडवा. म्हणजे पडद्यावर अंधार. दोन्ही चकत्यांच्या मध्ये काचेची बंद पेटी, तिच्यात तेलासारखा द्रव आणि वर-खाली धातूच्या दोन पट्ट्या. पट्ट्यांना व्होल्ट दिले की द्रवाचे रेणू रांगेला लागतात, त्यांच्यातून जाताना प्रकाशाची थरथर वळते आणि थोडा प्रकाश दुसऱ्या चकतीतून निसटतो.

पुस्तकात तरी निसटतो. गोरखच्या पडद्यावर सात महिने अमावास्या होती. आणि मांडणीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. बाईंनीसुद्धा.

शनिवारची दुपार होती. सोमवारी समिती येणार होती. पडद्यावर ठिपका दिसला नाही तर नोंदणी रद्द, असं लेखी पत्रच आलं होतं.

"चाळीसला पेटी टिकेल?" बाईंनी विचारलं.

 धोका गोरखलाही ठाऊक होता. द्रवात ठिणगी पडली की तो काळा पडतो आणि काच तडकते. पेटी एकच होती. बाईंनी चार महिने खपून ती स्वतःच्या हातांनी घडवली होती, आणि आता वयामुळे ते हात तसं काम करण्याजोगे उरले नव्हते.

"फुटली तर फुटली," तो म्हणाला.  "नोकरी सोडून आलोय, बाई. बायको गावभर सांगत फिरते, आमचे हे डॉक्टर होणार म्हणून. मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. माणूस बढाईखोर खरा, पण सात महिने त्याला त्या कोंदट खोलीत राबताना मी पाहिलं होतं.

बाईंनी खुर्ची पेटीकडे वळवली.

"पेटी कशी बसवलीस?"

"ओळंब्यात!" त्याची छाती पुन्हा फुगली. "एक पट्टी बरोबर वर, दुसरी बरोबर खाली. केसभर फरक नाही. तपासून बघा."

"म्हणजे तुझा जोर उभा."

"एकदम उभा."

"आणि येणारा प्रकाश?"

"तोही उभा."

बाईंनी नजर त्याच्याकडे वळवली.

"काय झालं, बाई?"

"तो उभा, तूही उभा. मग त्यानं वळायचं कशाला?"

गोरख चकत्यांकडे आणि पेटीकडे आळीपाळीनं बघायला लागला. माझ्याही हे कधी लक्षात आलं नव्हतं, आणि मी हा विषय नऊ वर्षं शिकवत होतो. सांगायलाही लाज वाटते.

बाई उठल्या. वीज बंद केली. अर्थिंगची काठी पट्ट्यांना टेकवून उरलासुरला भार उतरवला. मग स्टँडचा स्क्रू सैल केला आणि ती केसभर फरक नसलेली पेटी सरळ एका बाजूला कलंडवली. थोडीथोडकी नव्हे, चांगली अर्ध्या काटकोनात.

"अहो बाई! तिरकी झाली ना!"

"झाली."

"सगळी मांडणी बिघडली!"

"बिघडू दे." त्यांनी स्क्रू आवळला. "चालू कर. आठ हजार."

"आठ?" तो हसलाच. "तीसला आला नाही, तो आठला येणार?"

बाईंनी बटणाकडे बोट दाखवलं.

त्यानं बटण फिरवलं. तीन. पाच. सात. आठ.

पडद्यावर लाल ठिपका उमटला.

फिकट होता. पण होता! गोरखनं व्होल्ट शून्यावर आणले, ठिपका गेला. पुन्हा आठ केले, पुन्हा आला. असं त्यानं चार-पाचदा करून पाहिलं. मग सगळं बंद करून स्टुलावर मटकन बसला आणि तोंड झाकून हमसाहमशी रडला. मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

"मी सात महिने नुसता जोर लावत होतो, बाई..."

बाईंनी पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

तो पाणी प्यायला. डोळे पुसले. उठून पुन्हा बटणापाशी गेला. हात पुढे केला, आणि तो हात हवेतच थांबला.

"बाई, आता हात लावायची भीती वाटते."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

"भीती वाटते ना? मग आता वाढव व्होल्ट."