भिंतीतली खाच

घराचे भाग आपसांत बोलत आणि माणसांना ती वाऱ्याची कुजबुज वाटे, त्या काळातली ही गोष्ट. धुक्यात तरंगणाऱ्या एका घरी पत्र्याची नवी कोरी पट्टी आली. भिंत आणि पडवीचं छप्पर यांच्यामधल्या फटीतून झिरपणारं पाणी तिला अडवायचं होतं.

"आत्याबाई, तुमच्या अंगात खाच हवी," ती भिंतीला म्हणाली. "माझी वरची कड आत जाईल, खालची छपरावर पसरेल."

"खाच? माझ्या अंगाला?" भिंत फणकारली. "आमच्या वेळी फटीत सिमेंट भरत. झालं काम!"

"म्हणून तर दर वर्षी भरता! छप्पर उन्हात फुगतं, गारव्यात आकसतं. तुम्ही मात्र तसूभर हलत नाही. सिमेंट तडकणारच."

"मग वरूनच चिकट, बाई."

"तर पाणी माझ्या पाठीमागून उतरेल. तुमचा थाट राहील, पण वासा कुजून पडवी खाली येईल."

तेव्हा अर्धवट झोपेतला वासा हळूच बोलला, "आत्याबाई, माझं टोक तुमच्याच अंगात आहे. ते किती मऊ झालंय, तुम्हाला कळत नाही का?"

भिंतीला ते केव्हाचं कळत होतं. शेवटी तिने ताठा सोडला. मग म्हणाली, "बोलवा त्या छिन्नीला. आणि पोरी, खोल बस."

श्रावणात पाणी भिंतीवरून पट्टीवर, पट्टीवरून छपरावर घरंगळत गेलं. स्वप्नात वाशाला पानं फुटली होती. जाग येताच त्याने विचारलं, "पाऊस थांबला का गं?"

"कुठला थांबतोय!" पट्टी म्हणाली. "तीन दिवस नुसता कोसळतोय."