डावी कूस, उजवी कूस

सह्याद्रीत रान तुकड्यातुकड्यांनी उरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका काजूबागेच्या दोन अंगांना दोन राया होत्या, आणि त्यांना जोडणारी करवंदीची एकच जाळी. रानमांजरं मोजायला गार्गीताईंनी दोन्ही रायांत एकेक कॅमेरा बांधला.

अलीकडच्या कॅमेऱ्याचा जीव एका वाघाटीवर जडला. अंगानं मांजराएवढी, पण चाल वाघाची! रोज सकाळी ती त्याच्यासमोरून जाळीकडे जायची; परतायची मात्र दुसऱ्या वाटेनं. तिच्या डाव्या कुशीवरचा ठिपका न् ठिपका त्याला पाठ होता.

एकदा सेल बदलायला ताईंनी दोघांना एकाच पिशवीत घातलं. पलीकडचा म्हणाला, "माझ्याकडेही एक आहे. उजव्या कुशीवर चंद्रकोर आहे तिच्या."

"मग ती वेगळी. ही माझी!"

ताईंनीही फोटो पाहून तसंच धरलं. बागेचे मालक धाकूकाका म्हणाले, "दोन्हीकडे एकेक आहे ना? मग ये-जा करायला जाळी हवी कुणाला? ती तोडून काजू लावतो."

दुसऱ्या दिवशी वाघाटी निघाली, तोच जाळीत कोयता वाजला. ती दचकून मागे वळली. तिच्या उजव्या कुशीवर चंद्रकोर होती!

क्षणभर कॅमेऱ्याला वाटलं, हा फोटो काढूच नये. माझी आहे ती माझीच राहू दे. पुन्हा कोयता वाजला, आणि त्यानं फोटो काढला.

तासाभरात फोनवर आलेला तो फोटो पाहून ताई धावत सुटल्या. "काका, थांबा! दोन नाहीत हो, एकच आहे!" काकांनी कोयता खाली ठेवला.

पुढच्या खेपेला पिशवीत पलीकडच्यानं हळूच विचारलं, "मग ती तुझी की माझी?"

"जाळीची," अलीकडचा म्हणाला.