ठकूबाईच्या रोपांवरचे ऊन

त्या वर्षी अवचितनाथ महाराजांचा चातुर्मास रांजणवाडीच्या खंडोबाच्या देवळात चालला होता. गावाचे भाग्यच उजळले म्हणायचे! दुपारच्या आरतीला घरात सहसा कोणी थांबत नसे.

याच गावात ठकूबाई नावाची एकटी म्हातारी राहत होती. तिच्या नवऱ्याने जन्मभर एक नेम पाळला होता. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि वांगी घरच्याच वाणाची. तो गेला, मागे उरले राखेत घोळवून ठेवलेले चिमूटभर बी. ते वाया गेले, तर वाणही संपला आणि नेमही.

परसात कोंबड्या बी टिपून खातील, म्हणून ठकूबाईने घरातच, चुलीजवळ, फुटक्या रांजणाच्या बुडात बी टाकले. काय उगवले म्हणता! दाट रोपे, मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या. भाद्रपदात तिने माती भिजवली आणि लेकीच्या केसांतला गुंता सोडवावा तसे एकेक रोप जपून सोडवले. इथवर सगळे ठीक. पण आरतीची घंटा वाजत असताना लावली तर देवाचा हात लागेल, असा त्या भोळीचा भाव! तिने ती भर दुपारी परसात लावली. बिचारीला काय ठाऊक? लावणीचे सगळे नवरा बघायचा, तिने आयुष्यभर भरीतच केले.

कुंपणापलीकडे येसोजीचा मळा होता. वांगी-मिरचीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. तो पोट धरून हसला.

"अगं म्हातारे, घरात वाढलेली रोपं ही! ऊन कशाशी खातात ते ठाऊक नाही त्यांना. लावणी सांज झाल्यावर करतात. आता बघ, दिवस मावळायच्या आत सगळ्याचं गवत होतंय!"

"येसूदादा, मग आता काय करू रे?"

"काय करतेस? म्हण आरती!" असे म्हणून तो निघून गेला.

भादव्याचे ऊन ते! बघता बघता रोपांनी माना टाकल्या.  ठकूबाई अनवाणीच देवळाकडे धावली. महाराज गार गाभाऱ्यात बसले होते.

"महाराज, धन्याचं बी मी माझ्या हातानं मारलं हो!"

सगळे ऐकून महाराज म्हणाले, "रडू नकोस, माये. घरी जा, त्यांना थोडं पाणी दे. उन्हाचं मी बघतो."

तिने येऊन पाणी दिले. पाय ठेवता येईना इतकी माती तापली होती, आणि त्या मातीत रोपे एकेक करून उभी राहू लागली! ठकूबाईने तिथल्या तिथे लोटांगण घातले.

दिवस कलल्यावर येसोजी मजा बघायला आला. रोपे पाहून त्याचे हसू मावळले. त्याने वाकून एक पान बोटांत धरले, तर ते गार!

"सावली कुणी केली गं?"

"महाराजांनी," ती म्हणाली. येसोजीला पटेना. दोघे देवळात गेले.

महाराज पालथे पडले होते आणि पुजारी त्यांच्या पाठीला लोणी लावत होता. सगळी पाठ लालबुंद, जागोजागी फोड!

"महाराज उन्हात बसले होते का?" येसोजीने विचारले.

"कुठलं ऊन?" पुजारी म्हणाला. "आरतीपासून गाभाऱ्याबाहेर पाऊल नाही टाकलं त्यांनी."

ठकूबाईला हुंदका आवरेना. "देवा, माझ्यापायी एवढं सोसलंत!"

"घरात वाढलेली पोरं गं ती, त्यांना कसं सोसणार?" महाराज हसले. मग येसोजीला म्हणाले, "बाबा रे, तुझं ज्ञान खरं होतं. ऊन लागणार हे तुला आधी कळलं. हसण्याऐवजी एरंडाची चार पानं त्यांच्यावर घातली असतीस, तर माझी पाठ कशाला भाजली असती?"

येसोजीने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. त्याला रडू फुटले. "ठकूमाय, चुकलो गं," एवढेच तो बोलला. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो पाने घेऊन परसात हजर होता.

चंपाषष्ठीला घरच्या वाणाचे भरीत देवापुढे गेले. ठकूबाईने पहिला प्रसाद येसोजीच्या हातावर ठेवला, आणि तो घेण्याआधी येसोजी तिच्या पायांशी वाकला.