शिरीषाच्या शेंगांचा खेळ

नदीकाठच्या एका जंगलात वानरांची एक मोठी टोळी राहत असे. त्या टोळीत एक रीत होती. पिल्लू जन्मले, की ते एकट्या आईचे राहत नसे. सकाळी ते आईच्या कुशीतून निघे, या काकूच्या हातातून त्या आत्याच्या हातात जाई आणि साऱ्या टोळीचा वास अंगाला लावून दुपारी परत येई. या कामात एका मावशीचा मान सर्वांत मोठा होता. ती पिल्लाला मागून अलगद पकडायची, वर उडवायची, झेलायची आणि पोटाला गुदगुल्या करायची. बारा पिल्ले तिने खेळवून मोठी केली होती. तिच्या हातात येऊन हसले नाही, असे पिल्लू टोळीने पाहिले नव्हते.

त्या वर्षी मात्र एक पिल्लू निराळे निघाले. कोणी हलकेच हात लावला, तरी अंगावर निखारा पडल्यासारखे ते किंचाळे. टोळीचा म्होरक्या हुप्प्या 'हूप!' करून ओरडला, की कान दाबून जमिनीला चिकटे. इतर पिल्ले एकमेकांच्या शेपट्या ओढत धावत, तेव्हा हे शिरीषाच्या झाडाखाली बसून वाळलेली शेंग कानाशी हलवत राही. खुळखुळ, खुळखुळ. ऐकणारे कंटाळले, ते कंटाळले नाही.

"आईनं लाडावून ठेवलंय," एक काकू म्हणाली.

"चार जणींच्या हातात दिलंच नाही, मग असंच होणार," दुसरीने सूर मिळवला.

बोलायला सगळे होते. मुलांनो, त्या शेंगेत आहे तरी काय, हे वाकून पाहायला मात्र एकालाही सवड झाली नाही.

शेवटी हुप्प्याने निकाल दिला, "आठ दिवस पोर मावशीकडे. खेळायला लागलं, तर आईला परत. नाहीतर कायमचं मावशीकडेच राहील."

आई मावशीच्या मागे धावली. "आक्का, एवढं ऐका. मागून धरू नका, त्याला आधी दिसा. धरलंत तर घट्ट धरा. नुसतं बोट फिरवलेलं त्याला सोसत नाही हो."

"बारा खेळवलीत मी!" मावशी हसली. "आता तू शिकव मला."

पहिल्याच दिवशी मावशीने पिल्लाला मागून उचलले आणि गुदगुल्या केल्या. पिल्लाने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"अस्सं होय! या खुळखुळ्यानंच बिघडवलंय तुला," म्हणत मावशीने त्याची शेंग हिसकावली आणि नदीत भिरकावली.

पिल्लू रडले नाही. पाठ फिरवून बसले. संध्याकाळी मावशीने कोवळा पाला पुढे केला, त्याने तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी त्याची मान लवू लागली, तेव्हा मावशी घाबरली. हे पोर आपल्या हातून गेले, तर त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचे?

शेंगच हवी ना, घे बाबा शेंग, असे म्हणत ती शिरीषावर चढली. एक शेंग तोडली आणि रिकामी तर नाही ना, हे पाहायला कानाशी हलवली. खुळखुळ. दुसरी तोडली. हिचा आवाज निराळा! पहिलीचा जाड, हिचा बारीक. मावशी फांदीवर टेकली. तिसरी हलवली, चौथी हलवली. एका शेंगेत एकच बी सुटे होते. ते या टोकाकडून त्या टोकाकडे सर्रकन घसरे.

"अरेच्चा! जन्मभर या झाडावर झोपले मी," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि हे मला ठाऊकच नाही?"

आपण कशासाठी चढलो, हेही ती विसरली. शेंगांमागून शेंगा हलवत राहिली. खाली पिल्लाने मान वर केली होती.

ते पाहून मावशी उतरली. या वेळी समोरून आली, हातभर अंतरावर बसली आणि शेंगा खाली ठेवून गप्प राहिली. पिल्लू सरकत सरकत आले. त्याने एकेक शेंग हलवली, दोन फेकून दिल्या आणि चार ओळीत मांडल्या. मावशीने त्या क्रमाने हलवून पाहिल्या. जाड आवाज, मग कमी जाड, मग बारीक, मग अगदीच बारीक.

"असं होय! लावत होतास तू हे?"

तिने ओळीच्या शेवटी मुद्दाम एक जाड आवाजाची शेंग ठेवली. पिल्लाने ती उचलून फेकली. मावशीने भलतीकडे बघत तीच पुन्हा आणून ठेवली. पिल्लाने आणखी लांब फेकली. तिसऱ्या वेळी मावशीचा हात चोरासारखा हळूहळू पुढे आला आणि पिल्लाच्या गळ्यातून आवाज निघाला, "खिक्!"

ते हसत होते.

मावशीचा हात सवयीने त्याच्या पोटाकडे गेला. तिथेच थांबला. मनगट अजून दुखत होते. तिने हात मागे घेतला. थोड्या वेळाने पिल्लू आपणहून मागे सरकले आणि तिच्या पोटाला पाठ टेकून बसले. तिने दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरले. मग त्याने पाला खाल्ला.

आठव्या दिवशी हुप्प्या टोळी घेऊन आला. "काय मावशी, खेळतंय का पोर?"

"खेळतंय की."

"कुठं? पळणं नाही, उड्या नाहीत. शेंगा मांडत बसलंय नुसतं. याला खेळ म्हणायचं?"

"समोरून या, बसा आणि एक शेंग ठेवून बघा. हूप करायचं नाही मात्र!"

हुप्प्याने कुरकुरत एक शेंग ठेवली. पिल्लाने ती त्याच्या नाकावरून मागे भिरकावली. दुसरी ठेवली, तीही गेली. तिसरीही.

"माझी एकही बरोबर नाही?"

"कान लावा, म्होरके! तुम्ही नुसतं बघून ठेवताय."

टोळी खदखदा हसली. एक लहानगी वानरी पुढे आली, "मला द्या, मला!" म्हणत हातभर अंतरावर बसली. तिने शेंग कानाशी हलवली, ओळीतल्या दोन शेंगांच्या मध्ये ठेवली आणि वाट पाहत राहिली. पिल्लाने ती शेंग हलवून ऐकली. मग जागच्या जागी ठेवली.

हुप्प्या उठला. "पोर आईचं," एवढेच म्हणाला, तेही हळू आवाजात.

मावशीने पिल्लाला स्वतः आईपाशी नेले. ते आईला घट्ट बिलगले. मावशी मात्र तिथेच समोर बसली.

"याला आणखी काय काय आवडतं?" तिने विचारले. "सांग, मला घाई नाही."

आजवर सल्ले आईला सगळ्यांनी दिले होते, विचारले कोणीच नव्हते. मग ती सांगू लागली आणि दिवस मावळला, तरी तिचे सांगणे संपेना.

तात्पर्य : मूल खेळत नाही, असा निवाडा देण्याआधी शेजारी बसून ते काय खेळते आहे ते पाहावे, आपला खेळ त्याच्यावर लादू नये, त्याच्या खेळात आपल्याला जागा मागावी.