गळ्यात पाटी नसलेली बाई

"...पण सर, जंतूंचा हल्ला ओळखायला डॉक्टरांना शिकवायचं तरी कसं?"

मुरकुटे सर अंगणात बसून भिजवलेले वाल सोलत होते. नव्वदीकडे झुकलेले, वैद्यकाचे जुने शिक्षक. समोर त्यांचा शिष्य, डॉ. श्रीरंग टिपणीस. कोणी मुद्दाम रोग पसरवला, तर पहिल्याच रोग्यावरून तो कसा ओळखावा, हे श्रीरंग जिल्ह्याजिल्ह्यांत डॉक्टरांना शिकवत फिरे. या विषयात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान काल दुपारपर्यंत त्याला तसं वाटत होतं.

"तू कसं शिकवतोस?"

"तालीम घेतो. नाट्यमंडळाची माणसं रोगी होतात. गळ्यात पाटी, पाटीवर लक्षणं. ताप, खोकला, पुरळ."

"म्हणजे डॉक्टर पाटी वाचतात."

"...हो."

"वाचता येतं ना सगळ्यांना?" सर मिश्कील हसले.

श्रीरंगला हसू आलं नाही. त्याने परातीतला एक वाल उचलला. साल निघता निघेना.

"काल तालमीच्या रांगेत एक बाई आली," तो म्हणाला. "खोकत होती. गळ्यात पाटी नव्हती. मी ओरडलो, पाटी कुठं टाकलीस? ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, काय सोंग वठवलंय बाईनं! टाळ्या वाजवल्या मी. सगळ्यांना वाजवायला लावल्या."

"मग?"

"मीच एक पाटी तिच्या गळ्यात घातली. 'किरकोळ. घरी सोडा.'"

सरांचे हात थांबले.

"ती खरीच आजारी होती, सर. दवाखान्याची रांग समजून उभी राहिली होती. संध्याकाळी शेजाऱ्यांनी उचलून इस्पितळात आणली. आता प्राणवायूवर आहे. कशानं, ते अजून कळलेलं नाही."

सरांनी परात बाजूला सारली.

"आज समारोप. सगळे डॉक्टर वाट बघतायत. त्यांना अजून ठाऊक नाही... सांगू का, सर?"

"तिला भेटलास?"

"सकाळी गेलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत."

"मग?"

"...ती जागी होती."

श्रीरंगची मान खाली गेली. वर बघायचा धीर होईना.

"तिच्या घरी आणखी कोणी आजारी आहे?"

हा प्रश्न तो प्रत्येक शिबिरात फळ्यावर सगळ्यात वर लिहीत असे. मोठ्या अक्षरांत. खाली दोन रेघा मारून.

"विचारलं नाही, सर."

सर गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. पायांनी चपला चाचपू लागले.

"सर, तुम्ही कशाला? या वयात..."

"तू जा समारोपाला. तुला ओळखता येतं," सर म्हणाले. "मला नाही येत, बाबा. मला विचारावं लागतं."