डोळे मिटून घेतलेला कंट्रोलर

कॉम्प्युटरवर खेळताना कीबोर्ड बडवून लोकांची बोटं दुखायला लागली, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका दुकानाच्या काचेच्या कपाटात दोन गेम कंट्रोलर शेजारी राहत. मोठ्याच्या अंगावर रंगीत दिवे लुकलुकत. धाकटा साधा, काळा. दुकानदार जुना माल काढत होता; आज विकला न गेलेला उद्या भंगारात जाणार, हे दोघांनाही कळलं होतं.

"तुझं काही खरं नाही," मोठा म्हणाला. "लोक आधी रूप बघतात."

धाकट्यालाही तसंच वाटत होतं.

दुपारी शिवणकाम करणाऱ्या कुंदाताई स्वतःसाठी कंट्रोलर घ्यायला आल्या. दुकानदाराने मोठा पुढे केला. कुंदाताईंनी तो हातात घेतला आणि चक्क डोळे मिटले.

"अहो ताई, बघा तरी!"

"खेळताना नजर पडद्यावर असणार ना? कात्रीसुद्धा मी अशीच घेते. कापताना नजर कापडावर असते."

मोठ्याच्या बटणांपर्यंत त्यांचा अंगठा पोचेना. मग त्यांनी धाकटा घेतला. बोटं आपोआप जागेवर बसली.

"हाच द्या."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. कपाटातला मोठा मात्र दिवे विझवून बसला होता. धाकटा जाता जाता हळूच म्हणाला, "दुकान अजून उघडं आहे, दादा. तुझ्या मापाचा हातही येईल."