खेकड्याची खिट्टी

माणसांना बंधारे ठाऊक नव्हते, तेव्हाची गोष्ट. धोंडू खेकड्यानं काटक्यांचं दार करून ओढा अडवला होता. दाराची खिट्टी मात्र त्यानं चिखलानं लिंपून झाकली होती. काठावरची उंदरीण विचारायची, "धोंडूदादा, हे उघडतं कसं?"

"ते माझ्या नांग्यांचं काम. तुला काय करायचंय?" धोंडू गुरकावायचा.

एका दुपारी डोंगरावर ढगफुटी झाली. दारापाशी तुंबलेलं पाणी उंदरिणीच्या बिळात शिरू लागलं. आत तिची डोळेही न उघडलेली पिल्लं होती. ती किंचाळली, "दादा, दार उघड!"

पण धोंडूनं आदल्याच दिवशी जुनं कवच टाकलं होतं. त्यानं लिंपणाआडची खिट्टी ओढायला पाहिली, तर मऊ नांगीच वाकली. पाणी चढतच होतं. शेवटी तो ओरडला, "लिंपण उकर! आत आडवी काडी आहे, तीच खिट्टी. ती कुरतड!"

उंदरिणीनं दात लावले. काडी तुटली, दार सुटलं, पाणी धडाधड पुढं पळालं. पिल्लं भिजली, पण वाचली.

पंधरवड्यानं धोंडूनं नवी खिट्टी बसवली, तीही न झाकता. उंदरीण म्हणाली, "आता तर नांग्या कडक झाल्यात. मग लिंपण कुठाय?"

धोंडू म्हणाला, "पुढच्या वर्षी मला पुन्हा कवच टाकायचंय."